मंगळावर नसलेला माणूस

मंगळवारची सकाळ. तव्यातला बॅनक, आमची जाड भाकरी, एका बाजूने फुगला होता आणि दुसऱ्या बाजूने जळायच्या बेतात होता. माझी नऊ वर्षांची निवी जमिनीवर पसरलेल्या पुठ्ठ्यापाशी बसून गोठलेल्या माशाचे काप तोंडात टाकत होती, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. माझा नवरा मार्कुसी धावपट्टीवर कामाला निघाला होता. पण पाण्याचा ट्रक आज येणार की उद्या, यावरून तो रेडिओवरच्या बाईशी घरात बसून भांडत होता. तिला ते ऐकू जात नव्हतं, म्हणून बरं.

"निवी, दात घासले नाहीस?"

"नाही," ती म्हणाली. म्हणजे घासले होते.

आमच्या भाषेत उलटा प्रश्न विचारला की उत्तर त्या प्रश्नालाच द्यायचं. 'घासले नाहीस?' याला 'हो' म्हटलं तर तुझं बरोबर, नाही घासले. 'नाही' म्हटलं तर तुझं चूक, घासले. आम्हाला यात कधी अडचण येत नाही. दक्षिणेकडून आलेल्या शाळेच्या नव्या बाईंना आली. त्यांनी विचारलं, "गृहपाठ केला नाहीस?" निवी "नाही" म्हणाली आणि केलेल्या गृहपाठाची शिक्षा भोगून घरी आली. तेव्हापासून मी तिला रोज बजावते, बाईंनी उलटं विचारलं की नुसतं नाक आक्रसायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत, अख्खं वाक्य बोलायचं.

तेवढ्यात दार वाजलं. तीनदा, हळू.

मार्कुसीने रेडिओ बंद केला. निवीचा घास तोंडातच राहिला. आमच्या गावात दार कुणी वाजवत नाही. माणूस सरळ आत येतो, बूट काढतो, भिंतीला टेकून उभा राहतो, खायला दिसलं तर खाली बसतो. दार वाजवतात फक्त पोलीस आणि नर्स, आणि दोघंही चांगलं काही सांगायला येत नाहीत. तेवढ्या वेळात मी माझी माणसं मोजली. निवी समोर, मार्कुसी समोर, आई धाकट्या भावाच्या घरी, तो भाऊ कालपासून शिकारीला. भावापाशी येऊन माझं मोजणं अडलं.

मार्कुसीने दार उघडलं. थंडीच्या वाफेत योआनासी उभा होता, टोपी हातात घेऊन.

"कोण गेलं?" मार्कुसीने विचारलं.

"कुणी नाही. मीच आहे."

"मग दार काय वाजवतोस, म्हाताऱ्या? माझं काळीज थांबवलंस."

"सवय करून घेतोय," योआनासी म्हणाला. आत आला, आणि कुणी 'बस' म्हणेपर्यंत उभाच राहिला.

योआनासी साठी ओलांडलेला, मी चाळिशीची. तरी तो मला आक्का म्हणतो. त्याची थोरली बहीण गेली त्याच वर्षी माझा जन्म झाला, तिचं नाव मला ठेवलं. आमच्याकडे नाव आलं की नातंही मागोमाग येतं. मी पाच वर्षांची असताना हा बाप्या बंदूक खांद्याला लावून आमच्या दारात येई आणि म्हणे, "आक्का, सीलच्या शिकारीला जाऊ का? रागावणार नाहीस ना?" मी कमरेवर हात ठेवून म्हणे, "जा, पण पाय ओले करू नकोस." सगळे हसत. पण माझ्या हो शिवाय तो कधी गेला नाही, हेही खरं. त्याची मुलगी लेटिया माझ्याहून बारा वर्षांनी लहान, ती मला आत्या म्हणते.

मी त्याला चहा दिला. बॅनकचा न जळलेला भाग दिला.

"कुठे दार वाजवायला लावलं तुला?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. गावात घरं किती आणि भिंती किती पातळ.

"लेटियाकडे," तो म्हणाला. "शनिवारी गेलो होतो. नेहमीसारखा आत गेलो, बूट काढायला वाकलो. ती म्हणाली, परकी माणसं दार वाजवून येतात. मी परत बूट घातले, बाहेर गेलो, दार वाजवलं."

"मग?"

"मग काय. वाजवत होतो."

मार्कुसीने खिडकीबाहेर बघितलं. निवीला दुसरा बूट मिळेना, ती तो हळूहळू शोधत होती.

योआनासीचा जन्म या गावातला, गाव व्हायच्या आधीचा. त्याच्या आईवडलांना सरकारच्या जहाजाने दक्षिणेच्या किनाऱ्यावरून आणून इथल्या गोट्यांवर उतरवलं तेव्हा तो आईच्या पोटात होता. पहिल्या हिवाळ्यात, तंबूवर बर्फ रचून केलेल्या घरात तो झाला. तिथे जनावर भरपूर आहे, दोन वर्षं राहून बघा, नाही आवडलं तर परत नेऊ, असं त्याच्या बापाला सांगितलं होतं. बापाने दोन वर्षं मोजली. परतीचं सामान एका लाकडी पेटीत भरून ठेवलं. तिसऱ्या वर्षी जहाज आलं, माल उतरवला, गेलं. बाप किनाऱ्यावर उभा होता. त्याने विचारलं नाही. ते विसरले असतील, आठवण दिली तर त्यांना ओशाळवाणं वाटेल, असं तो आईला म्हणाला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पेटी चुलीमागे तशीच राहिली. योआनासी तिच्यावर बसून जेवायला शिकला.

मोठेपणी तो पहारेकरी झाला. दगड तपासणारे, पक्षी मोजणारे, बर्फाला भोकं पाडणारे, असे जे कोणी दक्षिणेकडून येत त्यांना अस्वलापासून सांभाळायचं. तीस वर्षांत त्याने अस्वल मारलं ते एकच, आणि त्या दिवशी तो जेवला नाही. बाकीची त्याने हवेत बार काढून, दगड फेकून, क्वचित नुसतं बोलून परत पाठवली. "अस्वलाला घाई नसते," तो म्हणायचा. "आपणही दाखवायची नाही."

पलीकडच्या बेटावर ते मंगळाचं घर बांधलं तेव्हा पहारेकरी म्हणून त्यालाच बोलावलं. मोठ्या खड्ड्याच्या काठावर उभं केलेलं, डब्यासारखं पांढरं दुमजली घर. आजूबाजूला झाड नाही, गवत नाही, तांबूस दगडगोटे. तिथे दर उन्हाळ्यात सहा माणसं येऊन मंगळावर असल्यासारखी राहत. वाळवलेलं अन्न खात, मोजून पाणी पीत, बाहेर पडायचं तर कापडी पोशाख चढवून डोक्यावर काचेचं भांडं घालत. दाराआतल्या कपाटाएवढ्या खोलीत पाच मिनिटं उभं राहत, हवा जमेपर्यंत. हवा अर्थात दोन्हीकडे सारखीच होती. गावाशी, घरच्यांशी जे बोलायचं ते लिहून पाठवत, आणि तो निरोपही मुद्दाम वीस मिनिटं अडवून ठेवत, कारण मंगळावरून यायला तेवढा वेळ लागतो.

योआनासी मात्र मंगळावर नव्हता. तसा नियमच होता. मंगळावर अस्वल नाही, तर पहारेकरी कुठून असणार? तो साध्या कोटात, बंदूक घेऊन त्यांच्यामागे वीस पावलांवर चाले, आणि त्यांनी त्याला बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. त्यानेही बोलायचं नाही. झोपायला बाहेर तंबू. तो खोकला तर सहाही जणं आपल्या दगडांकडे बघत राहत. एकदा अस्वल आलं. त्याने बार काढला, ते गेलं, आणि त्यांच्या वहीत लिहिलं गेलं, 'धुळीचं वादळ, लवकर परतलो.'

हे त्याने घरी सांगितलं तेव्हा मालाया, त्याची बायको, हातातलं शिवण टाकून हसली होती. मालायाचं हसणं चार घरं ऐकत.

"मग पगार कशाचा देतात तुला? नसण्याचा?"

"हो. चांगला नसतो मी. सगळे म्हणतात."

"घरी तर फुकट नसतोस," ती म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यातल्या तुकडीची प्रमुख एक उंच बाई होती. आमच्याकडे तिला मानेवाली म्हणत, मान लांब होती म्हणून. बाई चांगली. बेटावर जायच्या आधी चार दिवस गावात राहिली, मालायाच्या हातचं मांस खाल्लं, दोनदा मागून घेतलं. आम्ही कसं बोलतो ते शिकली. भुवया उचलल्या म्हणजे हो, नाक आक्रसलं म्हणजे नाही. योआनासीनेच शिकवलं. ती दुकानात, रस्त्यात, सगळ्यांना भुवया उडवून दाखवत फिरे. पोरं तिच्यामागून भुवया उडवत.

ऑगस्टमध्ये मालायाचं पोट दुखायला लागलं. दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी नर्सने तिला दक्षिणेला, ओटावाच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरवलं. लेटिया तेव्हा चार महिन्यांची गरोदर, तीच सोबत निघाली. निघायच्या आधी तिने मंगळाच्या लोकांच्या दक्षिणेतल्या कचेरीला फोन लावला, त्यांनी निरोप बेटावर पाठवला, वीस मिनिटं अडवून.

निरोप मिळाल्यावर मानेवाली त्या कपाटात पाच मिनिटं न थांबता बाहेर आली. डोक्यावरचं काचेचं भांडं काढलं. मंगळावर भांडं काढलं म्हणजे त्यांच्या नियमाने ती मेलीच. तंबूपाशी दगडावर बसली आणि योआनासीकडे बघून बोलली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"तुझ्या बायकोला ओटावाला नेताहेत. पोटात दुखतंय. घाबरण्यासारखं नाही म्हणतात. रविवारी आपलं विमान येणारच आहे. त्याच्या आधी तुला जायचं नाहीये ना?"

योआनासीने नाक आक्रसलं.

ती शिकलेली बाई. तिला कळलं, नाही. तरी तिने पुन्हा विचारलं, नीट, तोंडाने. "नक्की? जायचं नाहीये?"

"नाही," योआनासी म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं मालायासाठी," त्याने मला नंतर सांगितलं.

आणखी वीस मिनिटांनी लेटियाला उत्तर पोचलं, धावपट्टीवर, आईला स्ट्रेचरवर चढवत असताना. वडलांना कळवलं आहे. ते म्हणाले, आत्ता येत नाही.

योआनासीने बॅग भरली आणि टेकाडावर जाऊन बसला, जिथून विमान उतरताना दिसतं. तो गुरुवार होता. शुक्रवारी धुकं होतं, विमान येणं शक्यच नव्हतं. शनिवारी आकाश लख्ख. तो बॅग पाठीला लावून त्या सहा जणांमागे चालला, पहारा दिला, परत टेकाडावर बसला. विमान रविवारी आलं, ठरलेलं होतं तेव्हाच. इकडे धावपट्टीवर मार्कुसी त्याला घ्यायला उभा होता. त्याने काही न बोलता म्हाताऱ्याच्या हातातली बॅग घेतली, आणि त्यावरूनच योआनासीला कळलं. मालाया शनिवारी दुपारी गेली होती.

लेटिया शवपेटीबरोबर परतली. बापाने सांगायचा प्रयत्न केला. एकदाच केला. मग ती बाळंतपणाला इकालुइतला गेली, सासरी राहिली. जानेवारीत मुलगी झाली. नाव मालाया ठेवलं. आजीचं नाव, आजीचं नातं, ते तरी तिने चुकवलं नाही. गेल्या आठवड्यात ती इथे आली ती राहायला नव्हे, घर आवरायला. नवऱ्याला तिकडे काम मिळालंय. गुरुवारच्या विमानाने ती जाणार, पुन्हा यायचं काही सांगता येत नाही म्हणते. विमानाचं भाडं आम्हालाही माहीत आहे.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाळ बघायला गेले होते. खोक्यांमधून वाट काढत ती फिरत होती, बाळ पाठीवर कोटाच्या टोपीत. बाळाला मालायाची हनुवटी आली आहे. फ्रिजवर एक छापलेलं पत्र चुंबकाने लावलं होतं. मानेवालीचं, सांत्वनाचं. 'अशा प्रसंगीसुद्धा तुमच्या वडलांनी मोहिमेची साथ सोडली नाही, त्यांची ही निष्ठा आम्ही विसरणार नाही.'

"हे कशाला लावून ठेवलंस?" मी म्हटलं.

"विसरायला नको म्हणून."

"लेटिया, त्या मानेवालीचा प्रश्न उलटा होता. निवीसारखंच झालं बघ. तो नाही म्हणाला म्हणजे..."

"आत्या, तू त्याची बहीण. तू त्याचीच बाजू घेणार." खोक्याला चिकटपट्टी लावता लावता ती बोलत होती. "तीस वर्षं त्या लोकांत काम केलं. त्यांचं हो कुठलं आणि नाही कुठलं हे निवीला कळायला लागलं, त्याला कळत नाही? बरं, नाही कळलं. सोडलं मी ते. पण मग दोन दिवस काय करत होता? विमान येत नाही हे दिसत होतं ना? ती सहा माणसं वीस पावलांवर होती. तोंड नव्हतं? आई विचारत होती मला. दर वेळी दार उघडलं की विचारत होती, आला का. नर्स, डॉक्टर, झाडूवाला, कोणीही आलं तरी." चिकटपट्टी तिने दातांनी तोडली. "ते लोक दार वाजवून येतात गं. तिला ते कळायचं नाही. वाजलं की तिला वाटायचं कुणी गेलं, आणि उघडलं की वाटायचं तो आला."

मी बाळाला हातात घेऊन थोडा वेळ बसले आणि परत आले. येताना तिचा प्रश्न सोबत आला.

म्हणून आता, मार्कुसी कामावर गेल्यावर आणि निवी एकदाची शाळेकडे पळाल्यावर, मी तेच योआनासीला विचारलं. थोरल्या बहिणीच्या हक्काने विचारलं.

"अरे, बेटावर त्या शनिवारी आकाश स्वच्छ होतं. विमान का येत नाही म्हणून एक शब्द का नाही विचारलास?"

त्याने कपातला शेवटचा घोट घेतला.

"मी तिथे नव्हतो ना, आक्का," तो म्हणाला. "नियम तसा होता. ती बाई माझ्यासाठी एकदा बाहेर आली, भांडं काढून. पुन्हा कसं विचारायचं? वाटलं, बोलावलं असेल. येत असेल. मी विचारलं तर तिला वाटेल मी विश्वास ठेवला नाही."

"आणि मालाया?"

"तेच," तो म्हणाला. "तेव्हा मला बाईची भीड वाटली. मालायाची नाही वाटली. बापाला हसायचो मी त्या पेटीवरून. निदान तो पेटी घेऊन डोंगरावर तरी बसला नाही."

मी म्हटलं, मी त्या बाईला लिहिते. काय झालं ते स्पष्ट लिहिते, तीच लेटियाला कळवील की चूक तिची. त्याने नाक आक्रसलं.

"तिला कशाला? ती रडेल. तिने नीट विचारलं होतं, दोनदा. आणि लेटिया म्हणते ते खोटं नाही. चूक पहिल्या दिवशी त्या बाईची असेल. पुढचे दोन दिवस माझे आहेत."

"मग मी लेटियाला काय सांगू? माफ कर म्हणू?"

"नको. ती करणार नाही. मीही केलं नसतं." त्याने कप खाली ठेवला आणि टोपी गुडघ्यावर नीट केली. "ती मालायाला घेऊन चालली, ते बरोबर आहे. पोरीने नवऱ्याबरोबर जावं. मी विमानतळावर येणार नाही, मार्कुसीला सांग, मला बोलवू नको म्हणावं."

बाहेर पाण्याचा ट्रक आला होता. माणसाने न विचारता नळी जोडली, टाकी भरायचा आवाज भिंतीतून यायला लागला.

"काल पुन्हा गेलो होतो," तो म्हणाला. "वाजवायला हात उचलला. आतून बाळाचा आवाज आला. हात खाली आला. आत माझी बायको, आक्का. नवरा कुठे दार वाजवून घरात जातो? तिला परत वाटायचं, कुणी तरी गेलं."

"मग काय करू मी, सांग."

"लेटियाला एवढंच सांग. गुरुवारच्या आत एकदा मला दार न वाजवता आत येऊ दे. मी बसणार नाही, बोलणार नाही. मालायाला दिसेन आणि निघेन."